करंटवाली अकरा घरं

हिरामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या खिडकीवरच्या छज्ज्यावर उभ्या होत्या. घर दुसऱ्या मजल्यावर. काष्ट्याचं हिरवं लुगडं, खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं, कमरेला खोचलेली पक्कड. मी अकरावीत होते आणि दुपारची घरी एकटीच होते. छज्ज्यावरून त्या गॅलरीत उतरल्या आणि दाराच्या काचेवर टकटक करू लागल्या.

"बाय, कडी काढ गो. उन्हात मेले मी."

अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, असं घरी बजावून ठेवलेलं होतं. पण ते पुढच्या दाराबद्दल. गॅलरीतून कोणी आलं तर काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. मी कडी काढली. त्या आत येऊन फरशीवर बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि हॉलमधल्या टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "किती बटनं?"

"आठ," मी म्हटलं.

"आठच? बरा हाय. तुमाला स्वस्त पडंल."

पनवेलमध्ये तेव्हा गल्लीगल्लीत केबलवाले झाले होते. तलावाच्या मागची आमची सोसायटी आणि तिथून बंदर रोडपर्यंतच्या इमारती हिरामावशींच्या. बाकीचे केबलवाले सगळ्यांकडून सारखेच पैसे घेत. हिरामावशी बटणं मोजत. आठ बटणांच्या जुन्या टीव्हीवर आठच चॅनेल लागायचे, त्याला एक दर. बारावाल्याला थोडा जास्त. रिमोटच्या टीव्हीवर सगळेच दिसायचे, त्यांना पूर्ण दर. "दिसंल तेवढ्याचं पैसं" हे त्यांचं म्हणणं. लोक त्यांना हसत, पण पावसात चार दिवस पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या तर त्या आपणहून पुढच्या महिन्यात कमी घेत. तेव्हा कोणी हसत नसे.

संध्याकाळी त्या परत आल्या, या वेळी पुढच्या दारानं, बाबांना भेटायला. त्यांना आमच्या गॅलरीत बूस्टर बसवायचा होता. वायरमधून चित्र लांब जाता जाता थकतं, हे मला त्या दिवशी कळलं. छत्री, म्हणजे डिश अँटेना, बंदर रोडवरच्या एका गच्चीवर. तिथून निघालेलं चित्र चार-पाच इमारती ओलांडली की फिकट पडतं, माणसांना सावल्या फुटतात. मग मध्ये वहीएवढी पत्र्याची एक पेटी बसवावी लागते, ती चित्राला पुन्हा जोर देते. त्या पेटीला वीज लागते. ती वीज हिरामावशी कोणाच्या तरी घरातून घेत आणि त्या घराला केबल फुकट देत. अशा घरांना त्या 'करंटवाली घरं' म्हणत. आमचं अकरावं होतं. आज इतक्या वर्षांनी मी ती अकराही घरं ओळीनं सांगू शकते, कारण ती एकेक करून बंद पडताना मी पाहिली.

बाबा मुंबईला फोर्टात नोकरीला होते. साधं लाइटचं बिलही दोनदा वाचून मग भरणारे. त्यांनी विचारलं, "वीज किती जाईल?"

"झिरोच्या बलबायेवढी."

"काही लिहून वगैरे देणार?"

"कागद नाय सायब. तुमी बटन चालू ठेवायचा, मी चित्र चालू ठेवायचा. येवढाच." मग जरा थांबून म्हणाल्या, "येकच सांगते. तुमच्या बटनावर म्होरची चाळीस घरं हायेत. गावाला जाल तवा मेन बंद करू नका."

बाबा हसले आणि हो म्हणाले. त्या मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी मेन स्विच चालू ठेवून घराला कुलूप लावलं. पनवेल सोडून पळस्प्याला गाडी थांबली तेव्हाच ते आईला म्हणाले, "शॉर्टसर्किट झालं तर?" पुढे कोल्हापूर येईपर्यंत ते त्याच काळजीत होते. पण परत येऊन त्यांनी मेन बंद केला नाही. दिलेला शब्द त्यांनी जवळजवळ दीड वर्ष पाळला. हे मी इथं लिहून ठेवते, कारण पुढचंही मला लिहायचं आहे.

हिरामावशी मूळच्या उरणकडच्या जासईच्या. दिल्या घरी शेत होतं, ते सरकारनं घेतलं आणि त्याचे पैसे आले. "लोकांनी मोटारसायकली घेतल्या," त्या सांगत, "आमी छत्री घेतली." छत्री घेतली होती खरं तर त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं. ते तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात पाळीवर होते. छातीत धाप लागायची, उंचावर गेले की डोळे फिरायचे. पहिल्या दिवसापासून शिडीवर चढल्या त्या मावशीच, आणि खालून मालक सांगत, डावीकडं, उजवीकडं. वर्षभरात खालून सांगण्याची गरज उरली नाही.

त्यांना इंग्रजी अक्षर वाचता येत नसे. चॅनेल त्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून ओळखत आणि त्यांची नावं त्यांनीच ठेवली होती: लाल गोळा, फिरती चकती, मोर. आमच्या टीव्हीवर आठ चॅनेल बसवायला त्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या तेव्हा त्यांनी घरातल्या प्रत्येकाला विचारलं. आईला मालिका. बाबांना बातम्या आणि क्रिकेट. परदेशी गाण्यांचं चॅनेल नको, हे बाबांनी वेगळं सांगितलं. सहा झाले, सात झाले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आन तुला गो?"

"मला काही नको," मी म्हटलं. ते खरं नव्हतं, पण मला तेवढंच बोलता यायचं.

"काय नको आसा नसतो. येक बटन तुझा हाय." त्यांनी मग सगळे चॅनेल एकेक करून लावून दाखवले आणि पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. जंगलातल्या जनावरांचं चॅनेल लागलं तेव्हा म्हणाल्या, "हा ठेव." आठव्या बटणावर ते राहिलं. बाबांनी विचारलं, "हे कोणी सांगितलं?" तर म्हणाल्या, "सायब, सगल्या सांगायच्या गोष्टी तोंडानं नाय सांगत मानूस."

चित्र कसं येतंय हे त्या स्वतःच्या टीव्हीवर कधीच बघत नसत. त्यांच्या कंट्रोल रूममध्ये, म्हणजे छत्रीच्या इमारतीतल्या जिन्याखालच्या पोकळीत, चित्र चांगलंच दिसणार. त्यासाठी त्या रोज सकाळी ओळीतल्या अगदी शेवटच्या घरी जात. तिथे काणेबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. बातम्या देणाऱ्या बाईच्या नाकाकडे हिरामावशी टक लावून बघत. नाकाला बाजूनं दुसरं नाक दिसलं, की कुठेतरी जोड ढिला आहे. "शेपटीच्या घरात नाक येक, तर सगल्यांच्या घरात येक," त्या म्हणायच्या. काणेबाईंना बातम्यांची गोडी नव्हती. पण रोज सकाळी एक माणूस घरी येतं, चहा घेतं, एवढ्यासाठी त्या टीव्ही चालू ठेवून वाट बघत.

जानेवारीत जासईहून पोपटी यायची. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या. अकरा घरांना अकरा डबे. शाकाहारी घरांच्या डब्यात फक्त शेंगा, बटाटे, वांगी. बाकीच्यांच्या डब्यात अंडीही. कोणाचा डबा कोणाकडे गेला असं कधी झालं नाही.

मी त्यांच्या कंट्रोल रूममध्ये जायला लागले ते पत्रांमुळे. पूर्वी सगळे चॅनेल फुकट उतरवता येत. मग एकेक कंपनी आपलं चॅनेल कुलपात घालू लागली. डिकोडर नावाची पेटी घ्या, घरटी पैसे भरा, नाहीतर चित्र बंद. त्यांची पत्रं इंग्रजीतून येत. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून मावशी ती माझ्याकडे आणत. पुढे पुढे मीच क्लासहून येताना तिथे थांबू लागले. जिन्याखाली लोखंडी मांडणीवर डझनभर रिसिव्हर, एकेका चॅनेलचा एक; ते तापू नयेत म्हणून प्रत्येकापुढे एक छोटा टेबल फॅन, दारात ओलं पोतं. मी पत्र वाचून मराठीत सांगायची आणि त्या ऐकताना मध्येच म्हणत, "पुन्ना वाच." त्या कंपन्यांना कधी शिव्या देत नसत. फक्त विचारत, "काणेबाईंच्या आठ बटनांत हा मोर नायच. मग तिनं मोराचं पैसं का द्यायचं?"

मी पत्र पुन्हा चाळायची. त्यात याचं उत्तर नसायचं.

बारावीच्या वर्षी, दिवाळीनंतर, मी असंच एक पत्र वाचत असताना दारातला उजेड अडला. पांढरा शर्ट, चाळिशीचा माणूस, केस नीट विंचरलेले. त्याच्या मागे दोन तरुण मोटारसायकलला टेकून उभे होते. तो चपला बाहेर काढून आत आला, हे मला विशेष वाटलं.

"नमस्कार मावशी. काम चालू आहे का? चालू द्या."

तो एका मोठ्या नेटवर्कतर्फे आला होता. त्यांनी महामार्गाच्या पलीकडे मोठ्या छत्र्या बसवल्या होत्या. साठ चॅनेल, आरशासारखं चित्र. एकेका केबलवाल्याची लाइन ते आपल्याकडे घेत होते. कोणी विकत होतं, कोणी त्यांच्याकडे पगारावर राहत होतं. हे सगळं त्यानं अगदी शांतपणे सांगितलं. त्याचा आवाज दवाखान्यातल्या डॉक्टरसारखा होता.

"इचार करून सांगते," मावशी म्हणाल्या.

"करा ना. घाई नाही." त्यानं रिसिव्हरच्या रांगेवरून नजर फिरवली. "तुम्हाला कशाला या वयात शिड्या चढायची दगदग? तुमचे मालक पण अजून तळोज्याहून सायकलनंच येतात ना? दुसरी पाळी सुटल्यावर? त्या रस्त्याला ट्रेलर फार झालेत हल्ली."

मावशींनी पदराचा शेव हातात घेतला आणि एका रिसिव्हरवरची धूळ पुसली. "तो रस्ता त्यांच्या पायाखालचा हाय."

"तेच म्हणतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "ही कोण? इंग्लिश मीडियम ना? छान वाचते."

ते गेल्यावर मावशींनी मला पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्या ऐकत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "बाय, आता हय येत जाऊ नको. पत्र आला तर मीच आनीन."

"तुम्ही देणार त्यांना लाइन?"

"लाइन काय भाजी हाय द्यायला?" त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला. "येकेक भोक मी पाडलाय भिंतीला. घरात जाऊन इचारून इचारून."

दुसऱ्या दिवसापासून मालकांना आणायला त्या स्वतः एस.टी.नं तळोज्याला जाऊ लागल्या. सायकल कंट्रोल रूमच्या बाहेर साखळीनं बांधून ठेवली. दोघं शेवटच्या गाडीनं परत येत, असं आई कोणाकडून तरी ऐकून आली. "ही बाई ऐकायची नाही," आई म्हणाली. त्यात कौतुक होतं की भीती, मला कळलं नाही.

डिसेंबरात पहिलं घर गेलं. बंदर रोडच्या पलीकडचं, औषधाच्या दुकानावरचं. एका सकाळी तिथून पुढची तीस-पस्तीस घरं काळी झाली. मावशींना वाटलं पेटी जळली. नवी पेटी घेऊन त्या गेल्या, तर पेटी ठीक होती, बटण बंद होतं. घरच्या बाई दाराच्या फटीतून म्हणाल्या, "आमच्याकडे लहान मूल आहे हो, शॉक बसेल म्हणून काढलं." ते मूल आठ वर्षांचं होतं. पेटी छताजवळ होती.

मावशींनी वाद घातला नाही. शेजारच्या इमारतीतल्या घराला विचारलं. त्यांनी हो म्हटलं आणि चार दिवसांनी तेही बंद झालं. मग तिसरं. कुठे घराला रंग काढायचा होता, कुठे मीटर पळत होतं, कुठे सासूबाईंना तो गुणगुणणारा आवाज सहन होत नव्हता. कोणीही खरं कारण सांगितलं नाही आणि कोणीही खोटं नीट सांगितलं नाही. मावशी वायर लांबून फिरवून आणत. जिथे दोन पेट्यांची गरज तिथे एकीवर भागवत. आमच्या पडद्यावरही माणसांना सावल्या फुटल्या. बातम्यांतल्या बाईला दोन नाकं आली.

आणि त्याच वेळी त्या मोठ्या नेटवर्कची जाड वायर आमच्या रस्त्यावर आली. निळ्या टोपीची माणसं ती खांबाखांबावरून ओढत होती. तळमजल्यावरच्यांनी सगळ्यांत आधी जोडणी घेतली. आई संध्याकाळी त्यांच्याकडे पाच मिनिटं म्हणून गेली आणि तासानं आली. "काय चित्र आहे हो," ती बाबांना म्हणाली. "पानावरचं दव दिसतं."

जानेवारीत पोपटी आली. या वेळी डबे चारच होते. मावशींनी आमचा डबा आईच्या हातात दिला आणि दारातच उभ्या राहिल्या. आत या, असं आई म्हणाली नाही. मी आईच्या मागे होते. मीही म्हणाले नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी पांढऱ्या शर्टाचा माणूस आमच्याकडे आला.

चपला बाहेर काढून, बेल एकदाच वाजवून. बाबांनी त्याला बसवलं. त्यानं चहा घेतला, साखर कमी आहे का विचारल्यावर, छान आहे म्हणाला. बाबांच्या ऑफिसबद्दल विचारलं. त्यांची जाण्याची गाडी कोणती, हे विचारलं नाही; स्वतःच तिची वेळ सांगून 'तीच ना?' म्हणाला. केबलचा विषय त्यानं काढलाच नाही. उठताना तो भिंतीवरच्या माझ्या शाळेच्या फोटोपाशी थांबला.

"बारावी ना हिची? अवघड वर्ष. क्लास साडेपाचला सुटतो, नाही का? एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीतून चालत येते ती. गल्ली जरा सुनसान आहे हो. मी आमच्या पोरांना सांगून ठेवलंय, लक्ष ठेवा म्हणून. आपल्याच घरातली मुलगी."

"थँक यू," बाबा म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून गेला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तो माणूस गेला. बाबा दार लावून बराच वेळ कडीला हात लावून उभे राहिले. मग गॅलरीत गेले. पेटीवरचा लाल दिवा मला आतून दिसत होता. त्यांनी पेटीकडे बघितलं, खाली रस्त्याकडे बघितलं, आणि आत येऊन सोफ्यावर बसले. पेपर उघडला. पाचेक मिनिटांनी पेपर तसाच ठेवून पुन्हा गेले. बटणाचा आवाज एवढासा असतो. पण तो स्वयंपाकघरात आईलाही ऐकू आला, कारण तिचं लाटणं थांबलं.

"आपल्याला काय करायचंय त्यांच्या भांडणात," बाबा आत येऊन म्हणाले. आम्ही काही विचारलं नव्हतं.

आई म्हणाली, "म्होरची चाळीस घरं आहेत ना हो." मावशींचाच शब्द तिच्या तोंडात आला होता.

"मग? त्या चाळीस घरांनी ठेवावी पेटी."

आईचं लाटणं पुन्हा सुरू झालं. लाल दिवा बंद होता. मी त्या दिवशी अभ्यासाला बसले आणि एकच पान दुपारपर्यंत वाचलं. मला सुटल्यासारखं वाटत होतं, हेही सांगायला हवं. त्या गल्लीतून मला रोज यावं लागायचं.

सोमवारी बाबा ऑफिसला गेले, आई बाजारात. दहाच्या सुमाराला बेल वाजली. हिरामावशी होत्या, पुढच्या दारात. हातात कापडी पिशवी. या वेळी त्या काणेबाईंकडून येत असणार. काणेबाईंचं घर आमच्या पुढच्या चाळिसांत शेवटचं.

"काणेबाईंकडं काय दिसत नाय," त्या म्हणाल्या. "काल सकालपासून ती टीव्हीसमोर बसलीय. मना बोलली, मी बंद नाय केला गो, मी काय केला नाय."

मी बाजूला झाले. त्या गॅलरीत गेल्या, पेटीला तळहात लावला. चालू पेटी कोमट असते; ही गार होती.

"बटन कुनी बंद केला?"

मी काही बोलायला हवं होतं. 'बाबांनी' एवढा एकच शब्द. मी म्हटलं, "लाइट गेली होती."

हॉलमध्ये पंखा फिरत होता. त्या पंख्याकडे त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे. चॅनेल लावून दाखवताना जसं तोंड वाचत बसल्या होत्या, तसंच, पण आता थोडाच वेळ.

"हां," त्या म्हणाल्या. "गेली आसंल."

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड काढली. मला वाटलं, बटण दाबून निघून जातील आणि आम्ही संध्याकाळी पुन्हा बंद करू. त्यांनी तसं केलं नाही. पेटीचे चार स्क्रू सैल केले, पेटी उतरवली. येणाऱ्या वायरचं टोक आणि जाणाऱ्या वायरचं टोक सोलून त्यांनी एका पितळी जोडात घट्ट बसवलं, वर चिकटपट्टी गुंडाळली. भिंतीवर पेटीच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. आता पुढच्या घरांना चित्र जाणार होतं ते थकलेलंच, पण काहीतरी जाणार होतं.

"आता तुमच्या घराचा काय संबंध नाय," त्या पेटी पिशवीत घालत म्हणाल्या. "कुनी आला तर दाखवा ही भिंत. सायबांना सांग, हिरा सोताच काढून घेऊन गेली. सायबांनी काय नाय केला."

"मावशी, पाणी?"

"नको गो. हय जास्ती उभी र्‍हात नाय मी."

बाबांना मी संध्याकाळी ते तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. ते म्हणाले, "बरं झालं." जेवताना त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही.

आठवड्याभरात निळ्या टोप्यांनी मावशींच्या वायरी खाली ओढून भेंडोळी करून टेम्पोत भरल्या. जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं, आणि ते मावशींचं नव्हतं. बाहेरची सायकलही नव्हती. कोणी म्हणालं, दोघं जासईला गेले, तिच्या माहेरी. कोणी म्हणालं, मालक दवाखान्यात आहेत, नक्की कुठल्या ते माहीत नाही. आमच्यापैकी कोणी जासईला जाऊन विचारलं नाही. जासई काही लांब नाही. आमच्याकडे साठ चॅनेल आले. पहिले तीन महिने दर कमी होता, मग वाढला, मग आणखी वाढला; आठ बटणांच्या टीव्हीलाही तोच. काणेबाईंनी जोडणी घेतली नाही. काही चुकलं तर सांगायचं कोणाला, ते कोणालाच माहीत नव्हतं. पावतीवर एक नंबर होता, तो लागत नसे.

पण मला सांगायची आहे ती त्या सोमवारची सकाळ, कारण मी त्यांना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

त्या जिना उतरून गेल्यावर मी गॅलरीत आले. खाली रस्त्यावर लख्ख ऊन होतं, भाजीवाला होता, शाळेची रिक्षा होती. मावशी पिशवी खांद्याला लावून चालल्या होत्या. समोरच्या पानाच्या टपरीपाशी मोटारसायकल उभी होती. पांढऱ्या शर्टाबरोबर आलेल्या त्या दोघांपैकी एकानं हातातला कप ठेवला आणि किक मारली. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं त्यांच्या मागून निघाली. मावशींना आवाज ऐकू आला असणार. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पावलं भरभर टाकली नाहीत. तीन इमारती पुढे, उरलेल्या करंटवाल्या घरांपैकी एक जिथं होतं, तिथल्या फाटकातून त्या आत गेल्या. मोटारसायकल फाटकापाशी थांबली. एकजण उतरून कुंपणाला टेकला. दुसऱ्यानं गाडी बंद केली नाही.

मी तिथेच उभी राहिले. आई बाजारातून आली, तिनं विचारलं, काय बघतेस, मी काही नाही म्हटलं. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून फरशीवर आलं. ते दोघं आळीपाळीनं टेकून उभे होते. मावशी फाटकातून बाहेर आल्या नाहीत.

त्या इमारतीला मागून एक वाट आहे. पाण्याच्या टाकीला वळसा घालून, दोन भिंतींच्या मधून, ती सरळ तलावाकडे निघते. एक माणूस जेमतेम जाईल एवढीच आहे. पिशवी असेल तर ती पुढे धरून, आडवं होऊन जावं लागतं. मावशींना ती माहीत होती. माहीत असणारच, तिथून त्यांची वायर गेली होती. मी तेव्हापासून असंच धरून चालले आहे की त्या तिकडून गेल्या.